नगराची थैली आणि मोटारींची शर्यत

गेल्या चातुर्मासांतील एका रविवारीं आमच्या घराच्या माजघरांत मधमाश्यांचें मोहोळ उठावें तशी घरघर ऐकूं येऊं लागली. पाहतों तों आमच्या धाकट्या बंधूंचा नातू पडद्यासमोर मांडी घालून बसलेला, आणि पडद्यावर कोठल्याशा दूरच्या नगरांतील राजरस्त्यांवरून चपट्या आकाराच्या मोटारी विजेच्या वेगानें धांवत आहेत. शर्यतींत आम्हांस फारसें गम्य नाहीं. परंतु रस्त्याच्या दोहों बाजूंस दुकानें, दिव्यांचे खांब, एक पूल, असें सर्व चारचौघांच्या वापरांतलें दिसत होतें. म्हणून आम्हीं सहज विचारलें, ‘अरे, हा रस्ता तर सरकारी दिसतो. तो बंद कोणी केला, आणि त्याचें भाडें कोण देतें?’ चिरंजीवांस प्रत्येक सारथ्याचें नांव ठाऊक, त्याच्या गाडीच्या चाकांची जात ठाऊक. पण या प्रश्नास मात्र उत्तर नव्हतें. घरांतील इतर मंडळींनाही नव्हतें. पोरगा जात्या चौकस असल्यामुळें त्यानें पुढें महिनाभर शोधून शोधून कागद आमच्यापुढें आणून टाकले. ते वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न कित्येक देशांतील नगरसभांत मोठ्या कडाक्यानें वादला गेलेला आहे, व एका नगरीं तर तो एका महापौराच्या पराभवाचें एक कारण झाला आहे. तीच हकीकत आधीं सांगतों.

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत माँट्रियल नांवाचें फ्रेंच भाषा बोलणारें मोठें नगर आहे. १६४२ सालीं वसलेल्या या नगरास २०१७ सालीं ३७५ वर्षें पुरीं झालीं. वर्धापनाच्या त्या वर्षीं काय काय करावें याचे बेत चालले असतां, महापौर दनी कोदेर यांनीं विजेवर चालणाऱ्या मोटारींची जी ‘फॉर्म्युला ई’ म्हणून जगभर फिरणारी शर्यत आहे ती आपल्या नगरांत आणली. उद्देश वाईट होता असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. तेलाच्या धुरानें जग काळवंडत असतां विजेच्या गाडीचा पुरस्कार एखाद्या नगरानें करावा, त्या निमित्तानें जगाचें लक्ष आपल्याकडे वळवावें, ही कल्पना ऐकावयास गोडच आहे. नगराच्या मध्यभागीं, तेथील नभोवाणीच्या उंच इमारतीभोंवतीं, सुमारें पावणेतीन किलोमीटर लांबीचा मार्ग आंखण्यांत आला, व २०१७ च्या जुलै महिन्याच्या २९ व ३० तारखेस दोन शर्यती झाल्या. पहिली लुकास दि ग्रासी यानें जिंकली व त्या वर्षाचें अजिंक्यपदही त्यालाच मिळालें; दुसरी झाँ-एरिक व्हर्न यानें जिंकली.

एवढें वाचून कोणी म्हणेल, यांत बिघडलें काय? बिघडलें तें शर्यतीच्या दोन दिवसांत नव्हे, तर त्याच्या मागच्यापुढच्या आठवड्यांत. राजमार्गावर असल्या गाड्या पळवावयाच्या म्हणजे दोहों कडांस काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत व तिच्यावर जाळी उभारावी लागते; डांबर नव्यानें घालावें लागतें; प्रेक्षकांसाठीं मचाण बांधावें लागतें; बसगाड्यांचे मार्ग बदलावे लागतात. हें काम एका रात्रींत होत नाहीं, व उतरवावयासही वेळ लागतो. त्या मोहल्ल्यांतील रहिवाशांस आपल्याच घरीं जाण्यासाठीं वळसे घ्यावे लागले, गाडी उभी करण्यास जागा राहिली नाहीं, आणि दुकानदारांकडे गिऱ्हाईक पोंचेना. विजेच्या गाड्यांचा आवाज थोडा, तेव्हां तक्रार आवाजाची नव्हतीच. तक्रार भिंतीची होती. शिवाय तेथील लोक असेंही विचारूं लागले कीं, ज्या नगरापाशीं नदींतल्या बेटावर शर्यतींसाठींच राखलेला एक पक्का मार्ग १९७८ सालापासून आहे, त्यानें घरांदारांमधून दुसरा मार्ग काढावा कशासाठीं? चालकांचें म्हणणें, भर नगरांतील शर्यत हेंच आमच्या खेळाचें वैशिष्ट्य. त्यांच्या बाजूनें तें खरेंही आहे. परंतु वैशिष्ट्य त्यांचें आणि गैरसोय दुसऱ्याची, असा तो हिशेब होता.

आतां पैशाचें पाहूं. शर्यत भरविण्यासाठीं एक धर्मादाय स्वरूपाची निराळी संस्था उभी करण्यांत आली, व तिनें काढावयाच्या एक कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जास नगरपालिका जामीन राहिली. जामीन राहणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगण्याची जरूरी नाहीं. प्रत्येक कुटुंबांत एखादा तरी मामा अथवा काका असा होऊन गेलेला असतो कीं ज्यानें भिडेस पडून कोणाच्या कागदावर सही केली व पुढें दागिने मोडले. त्या कर्जाखेरीज रस्ते, भिंती, जाळ्या यांवरही पालिकेचाच पैसा पडला. सर्व मिळून नगरावर पडलेला बोजा सुमारें दोन कोटी चाळीस लाख कॅनेडियन डॉलरचा होता असें पुढें प्रसिद्ध झालें.

तरीही आमची अशी समजूत झाली आहे कीं, महापौरांस हा खर्च तितका नडला नसता. त्यांस नडलें तें तिकिटांविषयींचें मौन. शर्यत जुलैअखेर झाली. नगराची निवडणूक नोव्हेंबरच्या ५ तारखेस होती. मधल्या तीन महिन्यांत विरोधी पक्षाच्या व्हालेरी प्लांत आणि वृत्तपत्रें एकच साधा प्रश्न विचारीत होतीं: तिकिटें किती विकलीं? त्याचें सरळ उत्तर मिळेना. शेवटीं मतदानाच्या अगदीं तोंडावर आंकडा बाहेर आला, तो असा कीं, वांटलेल्या ४५ हजार तिकिटांपैकीं विकलेलीं २५ हजार होतीं, आणि उरलेलीं २० हजार फुकट दिलेलीं होतीं. आमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतों, परीक्षेंत कमी गुण पडलेल्या मुलावर बाप फारसा रागावत नाहीं. प्रगतिपुस्तक लपविणाऱ्या मुलावर मात्र तो हात उगारतो. माँट्रियलच्या मतदारांनीं तेंच केलें. कोदेर पडले व प्लांतबाई निवडून आल्या. त्या नगराच्या इतिहासांत निवडणुकीनें महापौर झालेल्या त्या पहिल्याच स्त्री. पराभवास इतरही कारणें होतींच, परंतु या शर्यतीचें नांव त्यांत घेतल्यावांचून कोणी राहत नाहीं. त्याच वर्षाच्या १८ डिसेंबरला त्यांनीं पुढील वर्षाची शर्यत रद्द केल्याचें जाहीर केलें. २०२१ सालीं कोदेर पुनः उभे राहिले व पुनः प्लांतबाईंकडूनच हरले.

येथवर गोष्ट सरळ वाटते. पण गंमत पुढेंच आहे. त्याच नगरांत, मघां सांगितलेल्या बेटावर, तेलावर चालणाऱ्या मोटारींची प्रख्यात ‘ग्रां प्री’ शर्यत दर वर्षीं होते. २००९ सालीं ती तेथून निघून गेली होती. ती परत यावी म्हणून देशाचें सरकार, प्रांताचें सरकार, नगर व तेथील प्रवासी-मंडळ यांनीं मिळून पदर मोडला, व २०१० पासून ती पुनः सुरू झाली. २०१४ सालीं झालेल्या दहा वर्षांच्या करारांत सरकारी थैल्यांतून मिळून सुमारें १८ कोटी ७० लाख डॉलर देण्याचें ठरलें. ज्या बाईंनीं विजेच्या गाड्यांस निरोप दिला त्यांच्याच कारकीर्दींत ही तेलाची शर्यत मात्र चालत राहिली, व २०२५ मध्यें तिचा करार २०३५ पर्यंत वाढविण्यांत आला. यांत विसंगति आहे असें कोणी म्हणतील. आम्हांस ती तितकीशी वाटत नाहीं. बेटावर कोणाच्या दारांत भिंत उभी राहत नाहीं. आणि त्या शर्यतीस परगांवचा माणूस खरोखर तिकीट काढून येतो, उतारूगृहें भरतात. मात्र धुराविषयींचा जो उपदेश २०१७ सालीं ऐकूं आला होता त्याचें पुढें काय झालें, हें विचारावयास हरकत नाहीं.

परगांवचा माणूस खरोखर येतो काय, आणि येतो तर किती खर्चून जातो, हा या सर्व वादांचा गाभा आहे. शर्यतींचे पुरस्कर्ते म्हणतात, इतके लक्ष प्रेक्षक आले, इतके कोटी बाजारांत खेळले. या ठिकाणीं आमच्यांतील शाळामास्तर जागा होतो. पुष्कळ ठिकाणीं प्रेक्षकांचा आंकडा तीन-चार दिवसांच्या हजेरीची बेरीज असतो. एकच गृहस्थ चारही दिवस आला कीं तो चार वेळां मोजला जातो. आमच्या वर्गांत चाळीस मुलें होतीं. सहा दिवसांच्या हजेरीची बेरीज दोनशें चाळीस होई. म्हणून आम्हीं कधीं वरिष्ठांकडे दोनशें चाळीस मुलांच्या बांकांची मागणी केली नाहीं. दुसरें असें कीं, त्याच नगराचा रहिवासी शर्यतीच्या दिवशीं जे दोनशें रुपये खाण्यापिण्यावर उधळतो ते त्यानें एरवीं पुढच्या आठवड्यांत त्याच नगरांत नाटकास अथवा खानावळींत दिलेच असते. ते नवे पैसे नव्हेत. या खिशांतले त्या खिशांत गेले एवढेंच.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या हिशेबतपासनिसांनीं २००७ सालीं हाच भेद उघड करून दाखविला. मेलबर्न येथील २००५ च्या ग्रां प्रीचा हिशेब त्यांनीं दोन रीतींनीं मांडला. एका रीतीनें पाहतां प्रांताच्या उत्पन्नांत सहा कोटींहून अधिक डॉलरची भर पडलेली दिसली. दुसऱ्या रीतीनें, म्हणजे सर्व लाभ एका पारड्यांत व सर्व खर्च दुसऱ्यांत घालून पाहतां, लाभापेक्षां खर्चच ६७ लाख डॉलरनीं अधिक भरला. एकच शर्यत, दोन हिशेब, आणि दोन्ही प्रामाणिकपणें केलेले! नगरसभेच्या सभासदांपुढें कोणता कागद ठेवला जातो यावर पुढचें सर्व अवलंबून.

मेलबर्नची कथा एरवींही ऐकण्यासारखी आहे. १९८५ पासून ही शर्यत ॲडलेड नगरांत होत असे. व्हिक्टोरियाचे मुख्य प्रधान जेफ केनेट यांनीं ती मेलबर्नला आणण्याचा करार करून १९९३ च्या डिसेंबरांत तो जाहीर केला. जागा निवडली ती आल्बर्ट पार्क नांवाच्या तळ्याकांठच्या सार्वजनिक उद्यानाची, जेथें लोक फिरावयास जात, मुलें खेळत. रहिवाशांनीं ‘आल्बर्ट पार्क वांचवा’ अशी चळवळ उभारली, झाडांस पिवळ्या फिती बांधल्या, सत्याग्रह केला, व शेंकडों लोकांस अटक झाली. १९९४ सालीं खास कायदा होऊन या शर्यतीस नगररचनेच्या व पर्यावरणाच्या कित्येक निर्बंधांतून मोकळीक मिळाली. आणि ज्या स्थानिक सभेनें या लोकांची बाजू मांडावयाची ती कोठें होती? त्याच वर्षीं त्या प्रांतांतील नगरसभा बरखास्त करून त्यांच्या जागीं सरकारनेमित आयुक्त बसविण्यांत आले होते. त्या भागाची लोकनियुक्त सभा १९९६ पर्यंत झालीच नाहीं. पहिली शर्यत १९९६ च्या १० मार्चला झाली. म्हणजे वाद ज्या सभागृहांत व्हावयाचा तेंच रिकामें होतें. माँट्रियलकरांस निदान मतपेटी तरी होती.

आज त्या उद्यानांत शर्यत होतेच आहे. करार २०३७ पर्यंतचा आहे. अलीकडच्या वर्षांत प्रांताच्या तिजोरींतून वर्षाकांठीं दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरांत रक्कम जात असते. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: २०२४ सालीं चार दिवसांची हजेरी साडेचार लाखांवर गेली होती, व मेलबर्नकरांपैकीं पुष्कळांस ही शर्यत आपल्या नगराचें भूषण वाटते. त्या नगरांत आतां आपल्या मराठी मंडळींचाही चांगला भरणा आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची बिऱ्हाडें तेथें बदलत असतात. त्यास पत्रानें विचारलें, तर त्याचें उत्तर मोठें मार्मिक आलें: उद्यानाजवळ घर होतें तेव्हां शर्यत नकोशी वाटे, लांब राहावयास गेल्यापासून हवीशी वाटते.

आणि ज्या ॲडलेडची शर्यत मेलबर्ननें नेली तेथें काय झालें? त्या नगरानें १९९९ पासून दुसऱ्या जातीच्या मोटारींची शर्यत आपल्या रस्त्यांवर सुरू केली. २०२० च्या ऑक्टोबरांत, साथीच्या दिवसांत, प्रेक्षक रोडावल्याचें कारण देऊन प्रांताच्या सरकारनें ती बंद केली. सामानही विकावयास काढलें. तेव्हां विरोधी पक्षाचे पीटर मालिनाउस्कस यांनीं, आम्हांस निवडून द्या, शर्यत परत आणतों, असें वचन दिलें. २०२२ च्या मार्चांत ते निवडून आले, व डिसेंबरांत शर्यत पुनः झाली, तीस अडीच लाखांवर हजेरी भरली. माँट्रियलला शर्यत आणणारा पडला; ॲडलेडला शर्यत मोडणारा पडला. तेव्हां लोकांस उत्सव नकोच असतात असें जे कोणी समजत असतील त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडील उदाहरणांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण कांहीं अजून न्यायासनापुढें आहेत. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ ते २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या. पहिल्याच वर्षीं करमणूक-कराच्या सवलतीवरून सर्वोच्च न्यायालयानें तिकिटांच्या उत्पन्नाचा चतुर्थांश निराळा ठेवण्याचा हुकूम केला. हैदराबादेस २०२३ च्या ११ फेब्रुवारीस हुसेनसागराच्या कांठीं तीच विजेच्या गाड्यांची शर्यत झाली. त्या वर्षाअखेर सरकार बदललें, २०२४ ची शर्यत रद्द झाली, व त्यासाठीं दिलेल्या सार्वजनिक पैशाची चौकशी सुरू होऊन प्रकरण न्यायालयांत गेलें. मद्रासेंतही २०२४ च्या ऑगस्टअखेर रस्त्यावरची शर्यत झाली ती उच्च न्यायालयांतील वादांनंतरच. त्यांच्या गुणदोषांविषयीं आम्ही येथें कांहींच म्हणत नाहीं.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, तेव्हां शर्यत म्हटल्यावर आम्हांस वाजपेय आठवावा हें साहजिक आहे. त्या यज्ञांत सतरा रथांची शर्यत असते, आणि तींत यजमानाचाच रथ पहिला यावयाचा हें आधींच ठरलेलें असतें. शर्यत भरविणाऱ्यानेंच नेमलेल्या तज्ज्ञांचे कित्येक अहवाल वाचतांना आम्हांस या विधीची आठवण झाली, ती वाचकांनीं क्षम्य मानावी. परंतु याहून उपयोगाचें वचन कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, आहे. गांवानें मिळून खेळतमाशा करावयाचा ठरविला असतां जो आपला वांटा देत नाहीं त्यानें व त्याच्या घरच्यांनीं तो पाहूं नये. चोरून पाहिला वा ऐकला तर दुप्पट वांटा भरावा. म्हणजे तमाशा ही ज्याच्या त्याच्या हौसेची बाब. द्या आणि पाहा, नाहींतर घरीं बसा. पण त्याच ठिकाणीं असेंही सांगितलें आहे कीं, जें कार्य सर्वांच्या हिताचें असेल त्यांतून कोणासही अंग काढून घेतां येणार नाहीं. तसें करील तोही दुप्पट भरील. अडचण आहे ती येथेंच. बंधारा सर्वहिताचा, धर्मशाळा सर्वहिताची. मोटारींची शर्यत तमाशांत धरावयाची कीं सर्वहितांत? माँट्रियलच्या महापौरांनीं ती सर्वहितांत धरून सर्वांकडून वांटा घेतला; आणि वीस हजार पाहुण्यांस मात्र वांटा न घेतां पाहावयास बसविलें. कौटिल्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस काय केलें असतें कोण जाणे!

हें सर्व लिहितांना आमच्याच आयुष्यांतील एक गोष्ट मनांत सारखी डोकावत आहे. ती सांगून मोकळे होतों. बरीच वर्षें झालीं. आम्ही ज्या गांवीं नोकरीस होतों तेथील पालिकेनें तीन दिवसांचा मोठा महोत्सव केला. कुस्त्या झाल्या, शोभेचें दारूकाम झालें, मोटारसायकलींच्या कसरती झाल्या. शाळेच्या दोन वर्गांचीं कौलें बदलण्याचा अर्ज त्याच पालिकेंत दोन वर्षें पडून होता. आम्हांस हें ठाऊक होतें, कारण अर्ज आमच्याच हातचा होता. असें असूनही पाहुण्यांच्या स्वागताचे श्लोक रचून देण्याची विनंति आली तेव्हां आम्हीं ते शार्दूलविक्रीडितांत रचून दिले, मुलांस पाठ करविले, व भर उन्हांत त्यांस रस्त्याच्या कडेस उभें केलें. शालजोडी मिळाली. महोत्सव मजेचाही झाला. गांवच्या म्हाताऱ्याकोताऱ्या पुढें वर्षभर त्या दारूकामाच्या गोष्टी सांगत, आणि फुटाणेवाल्याचीही चांगली कमाई झाली. पुढच्या आषाढांत मात्र सातवीच्या वर्गांत आम्हीं एका हातीं पुस्तक व दुसऱ्या हातीं छत्री धरून शिकविलें. मुलें हसत होतीं. एका मुलानें भोळेपणानें विचारलें, गुरुजी, त्या श्लोकांत पालिकेला कल्पवृक्ष म्हटलें होतें ना? शालजोडी अजून ट्रंकेंत आहे.

हा लेख पुरा करून घरांतील मंडळींस वाचून दाखविला. आमच्या बंधूंस महापौरांचा भाग आवडला, वहिनींस कौटिल्य. ज्याच्यामुळें हें सर्व सुरू झालें तो नातू शेवटपर्यंत शांत बसून होता. मग म्हणाला, ‘आजोबा, त्या वीस हजार फुकट तिकिटांतलें एक तुम्हांला आलें असतें, तर तुम्ही गेलां असतां का हो?’ आम्ही चष्मा पुसूं लागलों. इतक्यांत स्वयंपाकघरांतून सूनबाईंनीं पानें वाढल्याची हांक मारली, आणि आम्ही तत्काळ उठलों.